चौथा आकडा

"अहो, चहा घेणार ना?" स्वयंपाकघरातून बायकोने विचारलं.

बिटसरांनी वर्तमानपत्राची घडी घातली. त्यांनी घडी घातली की आता ते शिकवणार, हे घरातल्या भिंतींनासुद्धा माहीत झालं होतं.

"अगं, लग्नाला सव्वीस वर्षं झाली. सव्वीस वर्षं मी सकाळी सातला चहा घेतोय. मी 'हो' म्हणणार याची तुला शंभर टक्के खात्री. मग या प्रश्नोत्तरात माहिती किती?"

"किती?"

"शून्य! ज्या बातमीने कुणाला नवल वाटत नाही ती बातमीच नव्हे. नाणं उडवलं, छापा पडला की काटा हे सांगितलंस, तर एक बिट माहिती. सूर्य पूर्वेला उगवला हे सांगितलंस, तर नुसती तोंडाची वाफ."

"बरं बाई, नाही विचारणार," बायको म्हणाली.

साडेसात झाले तरी चहा आला नाही. सर आत डोकावले, तर ती भाजी निवडत बसली होती. "चहा?" "अय्या, विसरलेच! विचारलं की आधण ठेवायचं, अशी हाताला सवय आहे हो. तोंडाने विचारलं नाही, तर हात हललाच नाही." सरांनी आपला चहा आपण करून घेतला आणि तो गोड लागत असल्याचं स्वतःला बजावलं. तत्त्वासाठी माणसाला थोडी झीज सोसावी लागतेच.

त्यांचं खरं नाव संस्थेच्या पगारपत्रकात होतं. बाकी सगळीकडे ते बिटसर. 'गुंतागुंतीच्या व्यवस्था' नावाच्या विभागात ते माहितीसिद्धांताची तोंडओळख शिकवत. मुंग्यांची रांग, शेअरबाजार, चौकातली रहदारी, मेंदू, असल्या हजार तुकड्यांच्या पण कुणीच मालक नसलेल्या गोष्टींचा तिथे अभ्यास चाले. हे सगळे तुकडे एकमेकांना काय कळवतात, किती कळवतात आणि त्यातलं किती फुकट जातं, हे मोजायची पट्टी सरांकडे होती. त्या पट्टीने ते दिसेल ते मोजत सुटत. मुंग्यांबद्दल त्यांची तक्रार नव्हती, पण माणसांनी मात्र त्यांना नाराजच केलं होतं. माणसं फार बोलतात, आणि तेच तेच बोलतात, हे त्यांचं आयुष्यभराचं दुखणं.

चहाच्या प्रश्नानंतर घरातल्या आणखी दोन गोष्टींवर गदा आली. सर निघाले की बायको दारात उभी राहून "किल्ली, चष्मा, चार्जर?" असं म्हणे, ते बंद झालं. दहा वाजता "पोचलात का?" म्हणून फोन येई, तोही बंद. "पोचलो नाही, तर कळेलच की," सर म्हणाले. बायकोने त्यांच्याकडे नुसतं पाहिलं. त्या पाहण्यात किती बिट होते, हे मोजायचं काही सरांच्या डोक्यात आलं नाही.

घर मार्गी लागल्यावर सरांनी ऑफिसकडे मोर्चा वळवला. तिथल्या क्लार्कबाई रोज सकाळी सूचनाफलकावर कागद लावत: 'आजचे सर्व तास नेहमीप्रमाणे होतील.' सरांनी तो कागद उपटून त्यांच्या टेबलावर ठेवला.

"बाई, नेहमीप्रमाणे होतील हे नेहमीच माहीत असतं. काही वेगळं असेल तेव्हाच कळवा. कागद नाही, म्हणजे सगळं ठीक."

"म्हणजे काम नसेल तेव्हा काम करायचं नाही?"

"अगदी बरोबर!"

वीस वर्षांच्या नोकरीत इतकं शहाणपणाचं वाक्य बाईंनी ऐकलं नव्हतं. त्यांनी लगोलग संचालकांची सही आणली, परिपत्रक काढलं आणि शिपाईमामांपासून सगळ्यांच्या सह्या घेतल्या: 'यापुढे नेहमीची कोणतीही गोष्ट कोणीही कोणास कळवू नये.' दोन आठवड्यांत ऑफिस इतकं शांत झालं की नवा माणूस आला तर त्याला सुट्टी आहे असं वाटावं. फलक कायमचा कोरा राहू लागला, तेव्हा बाई त्याच्या खिळ्याला आपली छत्री अडकवू लागल्या. कोऱ्या फलकाकडे बघायचं कुणाला कारण नव्हतंच.

सरांचे विद्यार्थी बरोबर बारा. त्यांना सरांनी गृहपाठ म्हणून एक सांकेतिक भाषा बनवायला लावली. नियम असा, की जो निरोप वारंवार लागतो त्याचा संकेत आखूड, क्वचित लागतो त्याचा लांब. मुलांनी मन लावून तक्ता केला. शून्य म्हणजे सगळं नेहमीप्रमाणे. एक-शून्य म्हणजे दहा मिनिटं उशीर. एक-एक-शून्य म्हणजे चाचणी. एक-एक-एक-शून्य म्हणजे तास दुसऱ्या खोलीत, कुठल्या ते फलकावर बघा. आणि चारही एक म्हणजे तास रद्द. सर तक्त्यावर एवढे खूश झाले की तोच रोजच्या वापरात आणला. आकडे फोनवर एकेक करून पाठवायचे, म्हणजे माहिती एकेका बिटने कशी उलगडते ते अनुभवाला येतं, असं त्यांचं म्हणणं. निरोप मिळाल्याचं उलट कळवायचं नाही. तेच पुन्हा विचारायचं नाही.

"आणि सर, मधेच एखादा आकडा राहिला तर?" लांब वेणीच्या मुलीने विचारलं होतं.

"का राहील?" सर म्हणाले, आणि पुढचं पान उलटलं.

अशात बातमी आली, तीही नवल वाटावं अशी. ज्या विषयांना विद्यार्थी कमी ते बंद करायचे म्हणून एक तपासणी समिती गुरुवारी येणार होती. अकराचा तास बघणार, डोकी मोजणार. बारा डोकी असली तर विषय राहील, अकरा असली तर जाईल.

"विषय गेला तर माझं काय?" सरांनी संचालकांना विचारलं.

"तुमची सोय केलीय ना," संचालक प्रेमाने म्हणाले. "कार्यालयीन पत्रव्यवहार शिकवायचा. उपरोक्त विषयास अनुसरून आपणास कळविण्यात येते की, वगैरे."

सर खुर्चीत मागे टेकले. एकोणीस वर्षं हा विषय त्यांनी एकट्याने सांभाळला होता. उरलेली नऊ वर्षं आता 'उपरोक्त'मध्ये काढायची होती. आणि हसण्यावारी नेण्यासारखी गोष्ट नव्हती ही. त्या माणसाचा आपल्या विषयावर खरोखर जीव होता.

गुरुवारी सर लवकर निघाले. दारात कुणी काही विचारलं नाही. किल्ली होती, चष्मा होता. चार्जर जेवणाच्या टेबलावर राहिला.

संस्थेत पोचले तर त्यांचा तास व्हायचा त्या सात नंबरच्या खोलीतून पाण्याचा ओहोळ बाहेर येत होता. रात्री नळाचा पाइप फुटला होता. आत बाकं पाण्यात आणि संचालक विजार गुडघ्यापर्यंत दुमडून मधोमध उभे.

"पाइप तर मंगळवारपासून गळतोय," शिपाईमामा म्हणाले.

"मग बोलला का नाहीत?"

"तो दरवर्षीच गळतो, साहेब. नेहमीचं सांगायचं नाही."

 त्या परिपत्रकावर सही संचालकांचीच होती. ठरलं असं, की तास तिसऱ्या मजल्यावरच्या जुन्या प्रयोगशाळेत घ्यायचा. क्लार्कबाईंनी तत्परतेने कागद लिहिला आणि फलकावर लावला, छत्रीच्या बरोबर मागे. सरांनी फोन काढला. बॅटरी दोन टक्के होती. त्यांनी एक पाठवला. एक पाठवला. आणखी एक पाठवला. चौथ्या आकड्यावर अंगठा टेकवला आणि फोन काळा पडला.

गेला असेल, असं सरांनी धरून चाललं. मुलांनी उलट काही कळवलं नाही म्हणजे त्यांना मिळाला, हा नियम होताच. सर तिसऱ्या मजल्यावर गेले, फळा पुसला, त्यावर विषयाचं नाव लिहिलं आणि खिडकीत उभे राहिले. पावणेअकरा झाले. अकराला पाच कमी असताना त्यांनी शिपाईमामांना हाक मारली.

"मामा, मुलं कुठे आहेत ते जरा बघून या."

मामा गेले. दहा मिनिटांनी आले, दाराशी उभे राहिले आणि काही बोलले नाहीत. सरांचा जीव भांड्यात पडला. मामा गप्प, म्हणजे सगळं ठीक. त्यांनी फळ्यावर नावाखाली एक रेघसुद्धा ओढली.

सव्वाअकराला मात्र त्यांना राहवलं नाही. "मामा, मुलं अजून आली कशी नाहीत? होती कुठे?"

"कँटीनमध्ये."

"अहो, मग सांगायचं नाही का!"

"रोज तिथंच असतात. तुमचा कागद आहे, माझी सही घेतलीय त्यावर."

"पण बोलवायचं तरी!"

"तुम्ही 'बघून या' म्हणालात. मी बघून आलो."

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. सर जिन्याकडे धावणार, तेवढ्यात खालून निरोप आला की समितीची बिस्किटं संपली, मामांनी मंडळींना वर घेऊन यावं. मामा गेले. सर रिकाम्या बाकांकडे बघत उभे राहिले. बारा बाकं, आणि घरघर लागलेला एक विषय.

खाली कँटीनमध्ये काय चाललं होतं ते त्यांना मागाहून कळलं. बाराही मुलं एका टेबलाभोवती एका फोनवर डोळे लावून बसली होती. तीन एक आले होते. चौथा शून्य आला तर तास दुसरीकडे, एक आला तर रद्द. चौथा आकडा येईपर्यंत सरांचं वाक्य पुरं होत नव्हतं आणि अर्धवट वाक्यावर उठून जाणं शास्त्रात बसत नव्हतं. वेणीवालीने न राहवून फोन लावून पाहिला, तर तो बंद. "सर शांत आहेत म्हणजे सगळं ठीक असणार," चष्मिस म्हणाला. तो वर्गातला सर्वांत हुशार मुलगा होता.

आणि जिन्यात सरांच्या ओळखीचा आवाज घुमला.

"चला, चला वर! एकेक करून चढा, घाई नको. पण चला! वर चला म्हणतेय ना मी!"

बायको! मागे मेंढरांसारखी मुलं. टेबलावर चार्जर दिसला तेव्हा तिने नियम मोडून नवऱ्याला फोन केला होता. तो बंद लागला आणि तिच्या मनात नको नको ते आलं. ती तशीच रिक्षा करून निघाली. दाराशी तिने क्लार्कबाईंना सरळ विचारलं, "आमचे हे कुठे आहेत?" तीन आठवड्यांत त्यांना कुणी सरळ प्रश्न विचारला नव्हता. बाईंचा बांधच फुटला. त्यांनी पाइप, तिसरा मजला, समिती, बारा डोकी, कँटीनमधली मुलं, पत्रव्यवहार, सगळं सांगून टाकलं, काही गोष्टी दोनदा.

"घ्या तुमचा चार्जर," बायको धापा टाकत म्हणाली. "आणि हे घ्या तुमचे विद्यार्थी. कँटीनमध्ये आकड्याची वाट बघत बसले होते. आकड्याची!"

सरांनी भराभर मोजलं. अकरा.

"एक कुठाय?"

"चष्मिस खाली थांबलाय, सर," वेणीवाली म्हणाली. "आकडा आलाच, तर तो घ्यायला कुणीतरी हवं ना."

सरांनी कपाळाला हात लावला. चष्मिसला बोलवायचं तर फोन हवा आणि खोलीतला चालू प्लग एकच, शेवटच्या बाकाखाली. सर तिकडे धावले, गुडघ्यावर बसून चार्जर खुपसला, आणि हाश्श करून बाकावर टेकले. फळ्यापाशी उभी राहून बायको अजून मुलांना झापत होती. नेमक्या त्याच वेळी मामांनी दार उघडलं आणि समिती आत आली.

पुढे अध्यक्षबाई, हातात कागद अडकवलेली पाटी आणि पेन्सिल. मागे दोन सभासद, बिस्किटांनी जड झालेले. अध्यक्षबाईंनी फळ्यापाशी उभ्या असलेल्या बाईंना मान लववून नमस्कार केला आणि पेन्सिलीने डोकी मोजली. "नऊ, दहा, अकरा... बारा." पेन्सिल सरांवर येऊन थांबली. "छान. शिक्षण घ्यायला वयाची अट नसते, हेच खरं. चालू द्या, बाई."

सर अर्धवट उठले. आपण कोण ते सांगितलं की डोकी अकरा, विषय खलास. गप्प बसलो तर बायको शिकवणार. ते शास्त्र, जे एकोणीस वर्षं आपल्याशिवाय कुणाच्या जिभेवर आलं नव्हतं. आपलेच दात, आपलेच ओठ. ते हळूच खाली बसले आणि पुढच्या मुलीकडून एक कोरा कागद मागून घेतला.

बायकोने एकदा त्यांच्याकडे पाहिलं. अशा प्रसंगासाठी तक्त्यात संकेत नव्हता, पण तिला तो लागला नाही.

"तर," ती म्हणाली आणि फळ्यावरचं नाव वाचलं. "माहिती. आमच्याकडे एक गृहस्थ आहेत. त्यांना मी रोज विचारायचे, चहा घेणार ना? ते म्हणाले, यात माहिती शून्य, कारण उत्तर ठरलेलं. मला सांगा पोरांनो, उत्तरासाठी का कुणी विचारतं? सव्वीस वर्षं त्यांचा 'हो' ऐकतेय मी. त्याची उंची, रुंदी, वजन मला पाठ आहे. मागे एकदा 'हो' जरा उशिरा आला. नुसता उशिरा! मी उठून त्यांच्या कपाळाला हात लावला, तर एकशेतीन ताप. रोज तोच 'हो' ऐकला नसता, तर त्या दिवशीचा वेगळा आहे हे मला कुठून कळलं असतं?"

 मुलं भराभर लिहून घेत होती.

"आणि दारात मी तीन वस्तूंची नावं घ्यायचे, तेही बंद केलं. आज चार्जर राहिला. ही पोरं तासभर एका आकड्यापायी अडून बसली. अरे, 'तास तिसऱ्या मजल्यावर आहे' एवढं लिहिलं असतं आणि त्यातली चार अक्षरं गळली असती, तरी वर आला असता की नाही?"

"आलो असतो!" अकरा मुलं एकदम म्हणाली.

"मग जे जास्तीचं वाटतं ना, ते फुकट नसतं. पडझड झाली तर तेवढंच हाताशी राहतं. पुन्हा सांगते. जास्तीचं वाटतं ते फुकट नसतं."

ती दुसऱ्यांदा म्हणाली तेव्हा ते सरांना नीट ऐकू आलं. या प्रकरणावर त्यांच्याजवळ चाळीस पानांची टिपणं होती, तीन सिद्धांत आणि दोन सूत्रं. निरोप मोडला तरी कळावा म्हणून त्यात मुद्दाम जादा भर घालावी लागते, हे ते दर वर्षी सहाव्या आठवड्यात शिकवत. आणि घरी येऊन तीच भर काढून टाका म्हणत होते. त्यांना मनापासून लाज वाटली. तिचा दहाचा फोन आपण बंद केला तेव्हा ती दहा वाजता काय करत असेल, हा विचार पहिल्यांदाच त्यांच्या मनात आला.

"मागचे! तुम्ही," अध्यक्षबाईंनी पेन्सिल रोखली. "बाईंनी काय शिकवलं ते सांगा बघू."

सर उभे राहिले.  सांगायचं होतं ते चाळीस पानांत नव्हतं. शेवटी तोंडातून एवढंच बाहेर पडलं, "चूक कळली."

"कुठली चूक? सविस्तर सांगा."

"सगळीच," सर म्हणाले आणि खाली बसले.

"त्यांना जरा वेळ लागतो," बायकोने सांभाळून घेतलं. "पण मनाने चांगले आहेत."

अध्यक्षबाईंनी सहानुभूतीने मान हलवली आणि बराच वेळ काहीतरी लिहिलं.

पंधरा दिवसांनी चौदा पानांचा अहवाल आला. उपरोक्त, तद्वत, यास्तव अशी वळणं घेत तो अकराव्या पानावर मुद्द्याला आला: विषय आणखी पाच वर्षं चालू ठेवावा. अध्यापन अनुभवसिद्ध आणि अत्यंत प्रभावी. संचालकांनी सरांना मिठीच मारली. मग त्यांनी बारावं पान उलटलं आणि मिठी सैल केली.

"शेवटच्या बाकावरील प्रौढ विद्यार्थ्यास," ते वाचू लागले, "विषयाचे आकलन फारच कमी असल्याचे आढळले. सबब, बाईंनी सदर विद्यार्थ्यास दररोज एक जादा तास द्यावा, आणि त्याच्या प्रगतीचा अहवाल विषयाच्या प्राध्यापकांच्या सहीने दरमहा समितीकडे पाठवावा. अन्यथा मान्यता रद्द समजण्यात येईल."

पहिल्या महिन्याचा अहवाल बायकोने घरी बसून, चांगल्या अक्षरात लिहिला. 'विद्यार्थी आता तासाला वेळेवर बसतो. सांगितलेलं ऐकून घेतो, मधे बोलत नाही. सुधारणा आहे, पण सावकाश. आणखी बरीच वर्षं लागतील असं वाटतं.'

बिटसरांनी तो एकदा वाचला, मग पुन्हा वाचला आणि खाली 'तपासले, बरोबर आहे' असं लिहून प्राध्यापक म्हणून सही केली.